मरळीचे आमिष निवडताना
गरी-सामानाचा धंदा आणि भंडाऱ्याचा पितळी हुनर

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गावागावांत तलाव आणि बोड्या, मधून वाहणारी वैनगंगा, आणि पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे मोठे धरण. जिथे इतके पाणी तिथे मासा आणि जिथे मासा तिथे गरी टाकणारा माणूस, हे ठरलेलेच. पूर्वी बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, एक गरी आणि गांडूळ किंवा बेडूक एवढ्यावर काम भागत असे. आता शिकलेली, नोकरीपेशातली मुले सुट्टीच्या दिवशी रील लावलेला रॉड घेऊन पाण्यावर जातात. त्यांना जिवंत आमिष नको असते. त्यांना रबरी बेडूक, पितळी चमचा, फिरकी, लाकडी मासोळी असा बनावट आमिषाचा माल हवा असतो.

हा माल आता लहान दुकानांतही येऊ लागला आहे. हार्डवेअरवाले, सायकलवाले, सुतळी-दोरीवाले असे आपल्यातले अनेक दुकानदार एका खिळ्यावर पाच-पन्नास पाकिटे टांगून ठेवतात. पण कोणते पाकीट का ठेवले, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. घाऊक व्यापाऱ्याने जे दिले ते घेतले, एवढेच. मग निम्मा माल वर्ष-वर्ष लटकतो, रबर चिकट होते, गरीला गंज चढतो आणि पैसा अडकून पडतो. म्हणून हा माल कसा निवडावा, आणि त्यातला कोणता आपल्याच कारागिरांच्या हातून व्हावा, याचा विचार आज आम्ही येथे मांडत आहोत.

आधी मासा ओळखा

गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणते, "चाचा, मोठ्या माशासाठी काही दाखवा." दुकानदाराने पहिला प्रश्न करावा, "भाऊ, कोणता मासा? आणि कोणते पाणी?" या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पाकिटाला हात लावू नये.

आपल्या तलावांत रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज सोडले जाते. हे मासे पाण्यातले बारीक जीव, शेवाळ, वनस्पती आणि तळातला गाळ यांवर जगतात. त्यांच्यासाठी पिठाचा, पेंडीचा गोळा लागतो. त्यांच्या गिऱ्हाइकाला चमचा किंवा रबरी बेडूक विकणे म्हणजे त्याची फसवणूक आहे. बनावट आमिष शिकारी माशासाठी असते, आणि आपल्याकडचा त्यातला मुख्य मासा म्हणजे मरळ. उत्तरेकडे तिला सौल म्हणतात. तिचे डोके सापासारखे चपटे, जबडा मोठा आणि दात टोकदार असतात. तिच्या जातीतली मोठी मरळ एक मीटरच्याही वर वाढते.

मरळीच्या दोन सवयी दुकानदाराने लक्षात ठेवाव्यात. पहिली सवय अशी की ती पाण्याबाहेरची हवा घेते. कल्ल्यांशिवाय तिच्या डोक्यात हवेतून श्वास घेण्याची वेगळी सोय असते, म्हणून ती थोड्या थोड्या वेळाने वर येते. याच कारणाने ती बाजारात जिवंत विकता येते आणि इतर माशांपेक्षा चढा भाव खाते. दुसरी सवय अशी की ती पाठलाग करत नाही, दबा धरून बसते. गवत, कमळाची पाने, शिंगाड्याचे वेल, बेशरमाची झुडपे यांच्या आडोशाला ती स्तब्ध राहते आणि बेडूक किंवा मासोळी जवळ आली की एकदम झडप घालते.

अमेरिकेच्या तळ्यांत पिकरेल नावाचा मासा आहे. त्याचे तोंड बदकाच्या चोचीसारखे लांब असते. मरळीशी त्याचे काही नाते नाही, पण शिकारीची पद्धत तीच आहे : गवतात लपून झडप घालणे. म्हणून तिकडच्या लोकांनी पिकरेल आणि त्याच्या जातीच्या माशांसाठी जे आमिष शोधले, त्यातले बरेचसे आपल्या मरळीला चालते. अट एकच, आमिष गवतात अडकता कामा नये.

पाणी पाहून आमिष

आमच्या मते सगळी निवड या एका मुद्द्यावर फिरते. गवताळ पाण्यात उघड्या तीनतोंडी गरीचे आमिष टाकले तर पहिल्याच फेकीत ते वेलात रुतते. दोरा ओढला की आमिषही जाते आणि दोराही. गिऱ्हाईक दोन-तीन वेळा असे गमावते आणि मग दुकान बदलते.

रबरी बेडूक : गवत, कमळ, ईकॉर्निया यांनी भरलेल्या बोडीसाठी हाच माल ठेवावा. आतून पोकळ, पाण्यावर तरंगणारा, चार ते सहा सेंटिमीटर लांबीचा आणि आठ ते पंधरा ग्रॅम वजनाचा. याची दुहेरी गरी पाठीला चिकटून वर वळलेली असते. बेडूक पानांवरून सरकत येतो तेव्हा गरीची टोके रबराच्या आड असतात. मरळीने तोंडात धरून दाबला की रबर चेपते आणि टोके उघडी पडतात. विकत घेताना प्रत्येक नग अंगठ्याने दाबून पाहावा. दाबल्यावर टोके सहज बाहेर आली पाहिजेत. कडक रबराचा बेडूक दिसायला सुंदर असतो, पण मरळ तोंडात घेते आणि गरी न लागताच सोडून देते. दुसरी परीक्षा बादलीतली. बेडूक पाण्याखाली धरून दाबा. गरीचा दांडा जिथून शिरतो तिथून बुडबुडे भराभर आले तर तो लवकर पाण्याने भरेल आणि बुडेल.

चमचा : पितळेचा, तांब्याचा किंवा पांढऱ्या धातूचा वाकवलेला पत्रा. ओढला की डावी-उजवीकडे डोलतो आणि जखमी मासोळीसारखा चमकतो. कडेला विरळ गवत आणि पुढे मोकळे पाणी अशा जागी हा चांगला. पण गरीच्या टोकापुढे तारेची आड असलेला घ्यावा. अमेरिकेतील लुई जॉन्सन यांनी अशी आड बसवलेला चमचा काढून १९२३ साली त्याचे पेटंट मिळवले. ती युक्ती आजही तशीच चालते.

फिरकी : दांड्याभोवती गरगर फिरणारे पाते. फ्रान्समधील मेप्स ही फिरकी १९३८ साली निघाली आणि जगभर गेली. वाहते पाणी, कालवा, नदीचा स्वच्छ काठ येथे फिरकी उत्तम. गवतात मात्र तिला लगेच वेल गुंडाळतात. फिरकीने दोऱ्याला पीळही पडतो, म्हणून तिच्याबरोबर स्विव्हल नावाची फिरती कडी द्यावी. गिऱ्हाइकाचा दोरा वाचतो आणि आपली आणखी एक वस्तू खपते.

नरम रबराची मासोळी किंवा गांडूळ : गरीचे टोक रबरातच खोचून ठेवता येते, म्हणून हेही गवतात चालते. थंडीत मरळ सुस्त होते, वरच्या बेडकाकडे फारशी येत नाही. तेव्हा हळूहळू तळाजवळून ओढायला हा माल कामी येतो. वेगवेगळ्या जातीचे रबर एका डब्यात ठेवू नये. एकमेकांना लागून ते विरघळते आणि सगळा डबा वाया जातो.

तरंगती लाकडी मासोळी : मोकळ्या, स्वच्छ पाण्यासाठी. हिला दोन-तीन उघड्या गरी असतात, म्हणून आपल्या गवताळ तलावांत तिचा उपयोग कमी. धरणाच्या मोकळ्या भागात आणि नदीत गरी टाकणारे हिचे गिऱ्हाईक.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगतो. पाकिटात बेडकाची पाठ पाहून गिऱ्हाईक खूश होते. हिरवी नक्षी, पिवळे ठिपके, लाल डोळे. पण मासा खालून पाहतो आणि गिऱ्हाईक वरून. मरळीला दिसते ते पोट. म्हणून पोटाचा रंग पाहून माल घ्यावा. स्वच्छ पाणी व उजेड असेल तर पांढरे किंवा पिवळसर पोट, गढूळ पाणी किंवा सांजवेळ असेल तर काळे, ज्याची आकृती आभाळाच्या उजेडापुढे ठळक दिसते. तीन रंग पुरेत. बारा रंग ठेवणारा दुकानदार नऊ रंगांत पैसा अडकवतो.

गरी आणि दोरा यांची पारख

आमिषाचा खरा जीव गरीत असतो. मरळीचे तोंड हाडाचे, कठीण असते. गरीचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढावे. नखात रुतले तर धार आहे, घसरले तर नाही. मग पकडीने गरी थोडी ओढून पाहावी. नरम तार सरळ होते, जास्त कडक केलेली तार कट्‌कन तुटते. चांगली गरी किंचित लवते आणि परत जागेवर येते. घाऊक माल घेताना शंभरातली दोन-चार नगांवर ही परीक्षा केली तर पुढचे भांडण टळते.

दोऱ्याबद्दल बोलण्याचा आम्हाला थोडा अधिकार आहे, कारण आमची सारी उमर सूत आणि कापडात गेली. नायलॉनचा एकतारी दोरा स्वस्त असतो, पण तो ताणला की लांबतो, पाणी पितो आणि उन्हात पडून राहिला की कमजोर होतो. दुकानाच्या दारात, उन्हाच्या तिरिपेत टांगलेली नायलॉनची गुंडाळी विकू नये. मरळीला गवतातून ओढून काढायचे तर विणलेला दोरा हवा. तो चारपेडी किंवा आठपेडी असतो. आठपेडी गोल आणि गुळगुळीत, दूर फेकला जातो. चारपेडी जरा खरबरीत, पण स्वस्त आणि गवताच्या घासाला टिकणारा. आपल्या तलावांसाठी चारपेडी पुष्कळ झाला. त्याची जाडी पाकिटावर वाचू नका, हाताने पाहा. स्वस्त मालावर लिहिलेला जोर आणि प्रत्यक्षातला जोर यांत फरक असतो. एक हात दोरा तोडून, गाठ मारून, त्याला तराजूचे वजन टांगून गिऱ्हाइकासमोर दाखवावे. जो दुकानदार असे दाखवतो त्याच्याकडे माणूस पुन्हा येतो.

अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, आणि ती लपवणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी खडसावले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. गंजलेली गरी नव्या पाकिटात घालून विकणे त्याच प्रकारात मोडते. ऐब सांगून विकलेल्या मालात बरकत असते.

पितळेचे शहर आणि चमचा

आता कारागिरांकडे वळतो. भंडारा शहराचे नाव पितळेच्या भांड्यांसाठी होते. घागरी, हंडे, परात, लोटे येथून दूरदूर जात. मग स्टेनलेस स्टील आले, ॲल्युमिनियम आले, प्लॅस्टिक आले. पितळेचे काम घटले, आणि भांडे गेले तसे त्यावर कल्हई करणाऱ्यांचेही काम गेले. ज्यांच्या हातात ठोकण्याचा, घासण्याचा, कल्हई चढवण्याचा हुनर आहे, त्यांची मुले आज दुसऱ्यांच्या दुकानांत मजुरी करताना दिसतात.

अशा वेळी आपल्या दुकानांत टांगलेला पितळी चमचा बाहेरून यावा, हे आम्हाला खटकते. या चमच्यात आहे तरी काय? अमेरिकेतील ज्युलिओ ब्यूएल यांनी अशा चमच्याचे पेटंट घेतले, साल १८५२. होडीत बसून जेवताना त्यांच्या हातातला चमचा पाण्यात पडला आणि बुडता बुडता त्याच्यावर मासा झडपला, असे सांगतात. मग त्यांनी चमच्याचा दांडा कापून त्याला गरी लावली. फिनलंडचे लॉरी रापाला हे गरीब मच्छिमार होते. त्यांनी १९३६ साली बुचाच्या लाकडाची मासोळी कोरली आणि तिला चॉकलेटची चांदी गुंडाळून चमक आणली. आज त्यांचे नाव जगभर चालते. दोघांनीही घरात असलेल्या वस्तूपासून सुरुवात केली.

आमच्या कारागिरांसाठी हिशोब असा. एक मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा घ्या. साडेसहा सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद असा लंबगोल तुकडा कापा. तो सुमारे नऊ ग्रॅम भरतो. गरी आणि कड्या धरून बारा ग्रॅमच्या आसपास जाईल, आणि मरळीसाठी एवढे वजन बरोबर आहे. कतरण वजा जाता एक किलो पत्र्यातून ८० ते ९० तुकडे निघावेत. कतरण पुन्हा वितळण्यासाठी विकली जाते, ती वाया जात नाही.

तुकडा तापवून नरम करावा. लाकडात खोल खळगा कोरून त्यात ठोकून वाक द्यावा. दोन्ही टोकांना भोके पाडावीत, कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात, नाहीतर त्याच दोरा कापतील. मग एका बाजूला पितळेची झिलई ठेवावी आणि दुसऱ्या बाजूला नवसागर व कथील वापरून कल्हई करावी. चमचा डोलताना एकदा पिवळा आणि एकदा पांढरा चमकतो. पिवळी चमक गढूळ पाण्यात बरी, पांढरी स्वच्छ पाण्यात. एका मालात दोन्ही कामे होतात, आणि त्यात पितळेवाल्याचा व कल्हईवाल्याचा दोघांचा हात लागतो.

वाक किती द्यावा हे कागदावर सांगता येत नाही, पाण्यात पाहावे लागते. घरच्या टाकीत दोऱ्याने हळू ओढून पाहा. चमचा दोन्ही बाजूंना डोलला तर ठीक. पूर्ण गरगर फिरू लागला तर वाक जास्त झाला, सरळ आला तर कमी. पातळ पत्रा हळू, फडफडत खाली जातो, जाड पत्रा लांब फेकला जातो पण लवकर बुडतो. दहा नग वेगवेगळ्या वाकाचे करून एखाद्या जाणत्या गरीवाल्याच्या हाती द्यावेत आणि त्याने पसंत केलेल्या नगाचा साचा धरावा. गरी मात्र तयार आणि चांगल्या कारखान्याचीच विकत घ्यावी. ती घरी करण्याची वस्तू नाही.

एक इशारा. काही लोक वजनासाठी शिसे वितळवतात. शिशाचा धूर आणि धूळ विषारी असते, लहान मुलांना तर फारच. स्वयंपाकघरात किंवा मुले खेळतात तिथे हे काम कधीही करू नये. वजन पितळेच्या मण्याने वाढवता येते.

माशी बांधण्याचे काम

परदेशात पिसे, केस आणि धागा गरीवर बांधून बनावट किडा करतात, त्याला माशी म्हणतात. पिकरेलसाठी मोठी, मासोळीसारखी दिसणारी माशी वापरतात. माशीला स्वतःचे वजन नसते, ती फेकायला वेगळा लवचीक रॉड आणि जड दोरी लागते. भंडाऱ्यात तसे गिऱ्हाईक बोटांवर मोजण्याइतके. म्हणून दुकानदाराने मागणी आल्याशिवाय माशीचा माल भरू नये, हा आमचा सल्ला.

पण कारागिराची गोष्ट वेगळी. ही माशी यंत्रावर होत नाही, हातानेच बांधावी लागते. केनियात हा घरगुती उद्योग आहे आणि तिथल्या माश्या युरोप-अमेरिकेत जातात. कोलकात्यातही हे काम चालते. ज्यांच्या घरी जरी, टिकली, मणी यांचे काम होते त्या बहिणींच्या बोटांना हे कठीण नाही. सुरुवात माशीने नको, शेपटीने करावी. चमच्याच्या आणि फिरकीच्या गरीवर लाल-पांढऱ्या धाग्याचा किंवा पिसांचा झुपका बांधला की साधा माल चढ्या भावाने जातो. कापड दुकानातली सुताची आणि पॉलिस्टरची उरलेली टोके, कोंबड्याच्या मानेची पिसे, बकरीचे केस एवढे सामान पुरते. धाग्याचा रंग पक्का आहे की नाही ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे. तरंगत्या बेडकाला सुती किंवा रेशमी झुपका लावू नये, तो पाणी पिऊन आमिष बुडवतो.

दोन बाबतींत सावध राहावे. मोराची पिसे परदेशी माश्यांत वापरतात, पण भारतातून त्यांच्या निर्यातीला बंदी आहे, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नये. आणि बाहेरून येणाऱ्या केसाच्या मालात कोणत्या जनावराचे केस आहेत हे विचारून घ्यावे. डुकराच्या केसांची शंका असेल तर तो माल घेऊच नये. बकरीचे केस आणि नायलॉन असताना आपल्याला त्याची गरज नाही.

बेडूक, पिल्ले आणि ढीवर बांधव

मरळीला जिवंत बेडूक टोचून टाकण्याची जुनी रीत आहे. हदीसमध्ये बेडूक मारण्यास मनाई आली आहे, आणि जिवंत जीवाला विनाकारण यातना देऊ नये ही शिकवण तर सर्वांना ठाऊक आहे. बेडूक शेतातले किडे खातो, धानपट्ट्यात तो शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे. भारत सरकारने १९८७ साली बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. रबरी बेडूक विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाला हे समजावू शकतो, आणि त्यातच त्याची विक्रीही आहे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. पावसाळ्यात मरळ अंडी घालते. तांबूस-केशरी पिल्ले पाण्याच्या पृष्ठभागावर घोळक्याने फिरतात आणि आई-बाप खाली राखण करतात. त्या वेळी जवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर ते तुटून पडतात, म्हणून त्यांना पकडणे फार सोपे. काही लोक मुद्दाम पिल्लांचा घोळका शोधून त्यावर बेडूक टाकतात. राखण करणारा मासा गेला की इतर मासे आणि पक्षी पिल्ले फस्त करतात. एका माशासाठी शेकडो मासे जातात.

आता हे तलाव कोणाचे, हेही पाहू. यांतले पुष्कळ तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधले. मालगुजारी १९५१ साली संपली आणि तलाव सरकारकडे आले, तरी लोक त्यांना मालगुजारी तलाव असेच म्हणतात. आज अनेक तलावांचा मासेमारीचा ठेका मच्छिमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांत ढीवर बांधव आहेत, आणि त्यांचा रिज्क त्याच पाण्यात आहे. शौकासाठी गरी टाकणाऱ्याने त्यांना न विचारता पाण्यात उतरणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले धान कापण्यासारखे आहे. काही संस्थांना मरळ नको असते, कारण ती रोहू-कटल्याची बोटुकली खाते. काहींना तिच्या चढ्या भावामुळे ती हवी असते. म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारूनच जावे, ठरलेले पैसे द्यावेत. कोकासारख्या अभयारण्यांच्या आत तर गरी टाकण्याचा विचारही करू नये.

दुकानदाराला यात काय? बरेच काही. विणीच्या दिवसांत लोकांनी मरळी मारल्या, विचारल्याशिवाय तलावात शिरले, तर संस्था उद्या गरीवाल्यांना बंदी घालेल. मग खिळ्यावरची पाकिटे कोण घेणार? म्हणून जून ते ऑगस्ट या काळात दुकानात पाटी लावावी की घोळक्यावर बेडूक टाकू नका, आणि कोणत्या तलावावर कोणाला विचारायचे याची माहितीही तोंडपाठ ठेवावी.

दुकानाचा हिशोब

नव्याने हा माल ठेवणाऱ्याने एकदम मोठी रक्कम घालू नये. समजा शंभर नग आमिष घ्यायचे आहे. आमच्या अंदाजाने जिल्ह्यातील गवताळ तलाव पाहता त्यांत ५० रबरी बेडूक असावेत, २५ चमचे, १० नरम रबर, १० फिरक्या आणि फक्त ५ लाकडी मासोळ्या. जो वैनगंगेच्या किंवा गोसीखुर्दच्या काठाजवळ दुकान चालवतो, त्याने बेडूक कमी करून चमचे आणि फिरक्या वाढवाव्यात. खपाचे दिवस दोन : दसऱ्यापासून थंडी वाढेपर्यंत, आणि पुन्हा होळीपासून पाऊस लागेपर्यंत. उन्हाळ्यात पाणी आटते, मरळ उरलेल्या पाण्यात गोळा होते आणि सकाळ-संध्याकाळ वर येते. माल या दिवसांच्या महिनाभर आधी भरावा, पावसाळ्याच्या तोंडावर नाही.

प्रत्येक विक्री वहीत लिहावी : कोणता नग, कोणता रंग, कोणत्या तलावासाठी. एका हंगामात ही वही घाऊक व्यापाऱ्याच्या यादीपेक्षा जास्त शिकवेल. आमिष विकताना गिऱ्हाइकाला दोन शब्द सांगावेत : झडप आली की लगेच झटका मारू नको, दोरा ताणला जाईपर्यंत दोन क्षण थांब. पितळी चमचा काळा पडला तर चिंचेने घासून घे. एवढ्यानेही माणूस दुकानाशी जोडला जातो.

शेवटी कारागीर आणि दुकानदार दोघांना विनंती. पितळेवाल्याने पन्नास चमचे करावेत, कल्हईवाल्याने त्यांना पांढरी बाजू द्यावी, झुपके घरच्या बहिणींनी बांधावेत, आणि चार दुकानदारांनी मिळून ते रोखीने उचलावेत, उधारीवर नाही. कारागिराला उधारीवर ठेवले की दुसऱ्या खेपेला तो माल करत नाही. हा काही लाखोंचा धंदा नाही. पण ज्या घरात हातोडी आहे आणि काम नाही, त्या घरात यामुळे महिन्याचा किराणा येऊ शकतो. येत्या दसऱ्याच्या आधी एवढे करून पाहावे. मेहनत आपली, बरकत देणारा अल्लाह आहे.